कोंड्याची सोंगटी

आमच्या पाड्यातल्या पोरांच्या पटावर एक सोंगटी अशी असायची की तिला कुणी मारत नसे. तिला आम्ही ‘कोंड्याची’ म्हणायचो. पुढे मी शहापूरला शिकायला गेले, तेव्हा तिथल्या मुलीही चिंचोके टाकून हाच खेळ खेळत होत्या. तीच चार घरं, त्याच फुल्या. पण मी ‘माझी ही कोंड्याची’ म्हटल्यावर त्या एकमेकींकडे बघून फिदीफिदी हसल्या. मी हाताने पट पुसून टाकला आणि उठले. स्वभावाला औषध नसतं म्हणतात, तशी मी आहे.

तर कोंड्याची म्हणजे काय, ते सांगते. चौघं खेळायला बसली की ज्याने त्याने आपापल्या सोंगट्या मांडायच्या. कुणाचे बांगड्यांचे तुकडे, कुणाचे खडे, कुणाच्या बिब्ब्याच्या बिया. डाव सुरू व्हायच्या आधी, ज्याला भीती वाटत असेल त्याने आपली एक सोंगटी शेजारच्याच्या घरात नेऊन ठेवायची. शेजारच्याने बदल्यात चिमूटभर माती द्यायची. झाली ती कोंड्याची. आता तिला कुणी मारायचं नाही, पण तिने चालायचंही नाही. मिळालेली माती डाव्या मुठीत धरून उजव्या हाताने खेळत राहायचं. सोंगटी परत हवी असेल तर तीच माती परत करायची आणि सोंगटी उघड्या चौकोनात आणून ठेवायची. त्या घटकेपासून तिला कुणीही मारावं. आणि माती सांडली, किंवा परत घ्यायचं राहूनच गेलं, तर सोंगटी ज्याच्या घरात असेल त्याची.

हे नियम पोरांनी स्वतःच्या डोक्यातून काढले नव्हते. मोठी माणसं जे करत होती, ते आम्ही बघितलं आणि पटावर आणलं, एवढंच.

आमचा पाडा काळू नदीच्या अलीकडे. बाजाराला मुरबाडला जायचं आणि आगगाडी धरायची असेल तर पार आसनगावपर्यंत चालायचं. माझे वडील राघो आणि त्यांचे मोठे भाऊ कुंडलिक एकाच अंगणात राहत. कुंडलिककाकांची बायको म्हणजे हौसाकाकी. तिची मुलं जगत नव्हती. पहिलं तापाने गेलं, मधलं देवीने गेलं, तिसऱ्याने तर नीट डोळेही उघडले नाहीत. पस्तीस साली कार्तिकात तिला पुन्हा मुलगा झाला, तेव्हा आमच्या आजीने, धोंडूबाईने, त्याचं तोंड बघायला नकार दिला.

“आदी कोंड्यावर दे,” ती म्हणाली. “मंग बगीन.”

ज्या बाईची मुलं जगत नाहीत तिने नवं मूल कोंड्यावर द्यायचं, ही आमच्याकडची रीत. ज्या घरात मुलं धडधाकट आहेत त्या घरच्या बाईला ते द्यायचं आणि तिच्याकडून मूठभर भाताचा कोंडा घ्यायचा. मूल कोंड्याच्या किमतीचं, तेही दुसरीचं. मग नेणारा येतो तेव्हा त्याला या घरात न्यायला काही दिसत नाही, असा हिशेब. अंगणापलीकडे बाईजा राहत होती, रामूची बायको. तिचे दोन मुलगे रेड्यांशी मस्ती करावी असे दांडगे. काकीने बाळ सुपात घातलं आणि बाईजाच्या उंबऱ्यावर ठेवलं. बाईजाने ते उचललं, काकीच्या हातावर मूठभर कोंडा घातला आणि मोठ्याने, सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असं म्हणाली, “ह्यो माजा पोर. मला दूद नाय, तू पाज गो याला.” काकीने स्वतःच्याच पोराला दाई म्हणून अंगावर घेतलं. त्याचं नाव कोंडू ठेवलं. तो मूठभर कोंडा फडक्यात बांधून काकीने चुलीवरच्या आढ्याला टांगला. दुधाचे दात पडले की तोच कोंडा बाईजाला परत द्यायचा आणि पोर परत घ्यायचं, असं ठरलेलं.

कोंडू आणि मी एकाच वर्षीची. त्याचं दूध तुटल्यावर तो बाईजाकडेच जेवायचा, तिथेच निजायचा आणि तिला आये म्हणायचा. मी हौसाकाकीला काकी म्हणायची, म्हणून तोही तिला काकी म्हणायचा. आपल्या आईला काकी. हे सगळ्या पाड्याला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मला आता वाटतं. कोंडू एकदा बांधावरून पडला, गुडघा फुटला, तेव्हा रडत रडत तो काकीच्या समोरून पळत बाईजाकडे गेला. काकी दारात भांडं घासत होती. तिने वर बघितलं आणि पुन्हा तेच भांडं घासायला घेतलं. एखादी नवी सून चुकून म्हणाली की तुझा पोर किती मोठा झाला, तर काकी फणकाऱ्याने म्हणायची, “माजा कुटला? बाईजाचा हाय त्यो.”

कोंडूचा पहिला दात पडला तेव्हा बाईजा स्वतः म्हणाली, “हौसे, घेतेस का परत?” काकी म्हणाली, चैत्रात घेते. चैत्रात पाड्यात गोवर आला. मग म्हणाली, दसऱ्याला. दसऱ्याला कोंडूला खोकला झाला. मग पुढची दिवाळी. प्रत्येक वेळी काहीतरी निघायचं. माझी आई, गिरजा, जाऊ असूनही काकीला जीव लावायची. ती चिडून म्हणायची, “अगो बाय, लगीन झाल्यावर घेनार हायेस काय त्याला?” काकी हसायची नाही. आमची पोरं अंगणात खेळताना ओरडायची, “कोंड्याची भायेर काडलीस ना? मंग मारली!” ते ओरडणं ऐकलं की काकी हातातलं काम सोडून आत जायची. मी हे अनेकदा बघितलं आहे.

कोंडू स्वतः पटावर आपली कोंड्याची कधीच परत घेत नसे. त्याची एक निळ्या बांगडीची काच होती. दर डावाला तो ती माझ्या घरात ठेवायचा, माती डाव्या मुठीत घट्ट धरायचा आणि उरलेल्या सोंगट्यांवर खेळून हरायचा.

“अरे मूर्खा, काड की ती,” मी म्हणायची. “हरशील.”

“हरू दे. ती तर ऱ्हायली ना?”

त्रेचाळीस साली श्रावणात पटकी आली. लढाईमुळे तांदूळ आधीच मिळत नव्हता, लोक रानातले कडू कंद उकडून खात होते, पोटं बिघडलेलीच होती. बाईजाचा थोरला एका सकाळी ओकायला लागला आणि दुपारी संपला. त्याला पोचवून आले तर धाकटा आडवा झालेला. त्याच्यामागोमाग रामू. पुढच्या बाजाराचा दिवस यायच्या आत त्या घरात बाईजा आणि कोंडू एवढेच उरले.

कोंडूला काही झालं नाही. साधं पोटही दुखलं नाही. आजी म्हणाली, “बगा. मी सांगत व्हते.” आणि हौसाकाकी बाईजाला धरून रडली, खरंच रडली, पण मध्येच तिची नजर कोंडूवर जायची आणि तिचे डोळे कोरडे व्हायचे. तिला सुटल्यासारखं वाटत होतं. कुणी काही म्हणो, मला त्याबद्दल तिचा राग आलेला नाही.

बाईजा भिंतीला टेकून बसली ती बसलीच. तिच्या घरात चूल पेटत नव्हती. सुतकातल्या घरी शेजाऱ्यांनी भाकर न्यायची असते, पण नेणार कोण आणि कुठून? दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी कोंडू काकीच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. मी आत चुलीपाशी बसले होते.

“काकी, भूक लागलीय.”

काकीने मडक्यात हात घातला. तळाशी नाचणीचं पीठ होतं, ते तळहातभरही नव्हतं. तिने ते परातीत झटकलं आणि त्याच्याकडे बघत बसली. मग उठली, आढ्याला टांगलेलं फडकं काढलं आणि गाठ सोडली. धुराने कोंडा काळा पडला होता. माझ्या तोंडाचा आ झाला. ते फडकं काय आहे हे पाड्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

“काय बगतेस?” काकी मला म्हणाली. “त्याचाच हाय ना? त्याच्या पोटात गेला तर कुटं गेला?”

तिने तो पिठात मिसळला आणि एक भाकर थापली. कोंडूने ती मिठाबरोबर खाल्ली. त्यातला तुकडा मोडून त्याने मला दिला, तो मीही खाल्ला. कडवट लागत होता. काकी त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि तो गिळेल तेव्हा तीही गिळत होती.

भात कापून झाला तेव्हा बाईजाचा भाऊ गणू कल्याणहून आला. तो रेल्वेच्या शेडात कामाला होता. बहिणीला न्यायला आला होता. बाईजा काकीकडे आली आणि अंगणातच उभी राहून बोलली.

“हौसे, मी जातेय. हितं मला घर खायाला उटतंय. पोर तुजा हाय, ह्ये मला ठावं हाय. पन रीत ती रीत. कोंडा दे नि पोर घे, मी आडवी येनार नाय. नाय दिलास तर मी त्याला नेनार. माज्याकडं दुसरं काय हाय गो?”

तिचं काही चुकलं नव्हतं. म्हणूनच ते ऐकवत नव्हतं.

कुंडलिककाका म्हणाले, जाऊ दे त्याला, कल्याणला रेशनचा तांदूळ मिळतो, इथे हा भात सरला की पुन्हा कंद खाऊन किती दिवस काढेल. काका तसे मायाळू होते, पण त्यांची माया नेहमी पोटापासून सुरू व्हायची. काकीने त्यांच्याकडे बघितलंही नाही. इतकी वर्षं पोर परत घ्यायला घाबरलेली बाई त्या दिवशी पहिल्यांदा घाबरली नव्हती. कोंडू कल्याणला गेला तर पुन्हा दिसणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं. तिला तो हवा होता. आणि तिच्याकडे कोंडा नव्हता.

ती माझ्या आईकडे आली आणि खाली बसली. “गिरजे, त्यो म्या त्यालाच खाऊ घातला.”

आई भात कांडत होती. नव्या भाताचे दिवस, घरोघरी उखळं चालू, जिकडेतिकडे कोंडाच कोंडा. आईने मुसळ ठेवलं, सुपातला मूठभर कोंडा घेतला, चुलीतली राख त्याला चोळून काळा केला आणि काकीच्या हातात कोंबला.

“कोंडा त्यो कोंडा. त्याला काय नाव लिवलेलं असतं? जा, घाल तिच्या पदरात नि पोराचा हात धरून घेऊन ये. जा म्हनते ना!”

आईने तिला दंडाला धरून उठवलं. आई बरोबर होती, असं मी आजही म्हणेन.

बाईजाच्या अंगणात बोचकी बांधून ठेवली होती. कोंडू आणि मी ओटीवर पट मांडून बसलो होतो, गणूमामा घाई करत होता. काकी आली, मूठ पुढे धरून. बाईजाने तिच्याकडे बघितलं, पदर पसरला आणि मान दुसरीकडे फिरवली. बघायचं नाही म्हणूनच फिरवली. तिला माहीत होतं की काय, देव जाणे. तिने माणूस म्हणून जेवढं करता येईल तेवढं केलं.

काकीची मूठ पदरावर आली. आता ती उघडेल म्हणून मी बघत होते. माझी आई आमच्या दारातून बघत होती. मूठ उघडेना. राखेचे कण बोटांतून खाली पडले.

“टाक की गो,” बाईजा तशीच मान फिरवून म्हणाली.

“ह्यो त्यो नाय, बाईजा.”

“मी कुटं बगतेय? टाक तू.”

“तू नाय बगत. पन बगनारा बगतोय ना.” काकी रडत नव्हती, तिचा आवाज नुसता चिरका झाला होता. “खोटा कोंडा घालून घेतला नि त्याला कायतरी झालं तर? माजी तीन गेली, बाईजा. ह्यो तुज्याकडं ऱ्हायला म्हनून ऱ्हायला. तुजं सगलं घर गेलं, पन ह्याला हात नाय लागला.”

ती मागे सरली आणि मूठ तशीच बंद ठेवून उभी राहिली. आईने आमच्या दारातून कपाळावर हात मारलेला मला ऐकू आला. मला आईसारखाच संताप आला होता. एवढं सोपं होतं ते. नुसती बोटं उघडायची होती.

कोंडूने सगळं ऐकलं होतं. तो पटावरून उठला. त्याची निळी काच माझ्या घरात होती. त्याने डाव्या मुठीतली माती बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि माती जमिनीवर सांडून हात चड्डीला पुसला.

“ऱ्हाऊ दे तुज्याकडं,” तो म्हणाला.

मग त्याने एक बोचकं डोक्यावर घेतलं. काकीपाशी आल्यावर जरा थांबला आणि म्हणाला, “येतो, काकी.” काकीने मान हलवली. आसनगावच्या वाटेला ते तिघे दिसेनासे होईपर्यंत ती तिथेच होती.

पुढच्या वैशाखात मुरबाडच्या बाजारातून आलेल्या एका माणसाने सहज बोलता बोलता सांगितलं, कल्याणला देवीची साथ आहे, बाईजाचा पोर गेला. ‘बाईजाचा पोर’ असंच म्हणाला. त्या बिचाऱ्याला काय माहीत. हौसाकाकी अंगणात भात कांडत होती. तिचं मुसळ वर गेलेलं होतं. ते खाली आलं, पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली आलं. ती कांडतच राहिली.

आई धावत गेली. “बाय, ठेव ते. रड तू.”

“मी कोन रडनारी? बाईजाचा व्हता त्यो.”

कुंडलिककाका परसात जाऊन तोंड लपवून रडले. आजी रडली. आमच्या घरी मी आणि आई रडलो. काकीने सुतकाची आंघोळ केली नाही, की छाती बडवली नाही. ज्या बाईने पोर परत घेतलं नाही तिने त्याच्यासाठी रडायचं, म्हणजे त्याला स्वतःचं म्हणायचं, आणि तो हक्क तिने त्या अंगणात स्वतःच्या तोंडाने सोडला होता. ती दोन्ही वेळा जेवत होती, कामं करत होती. आई म्हणायची, ही आतून सडून मरेल. मला तिच्याजवळ जायची भीती वाटू लागली.

मग एका दुपारी बाईजा आली. एकटी, आसनगावहून उन्हातून चालत. पायात काही नव्हतं, पावलं धुळीने भरलेली होती. ती ओळखूही येत नव्हती. तिने ना पाणी मागितलं, ना सावलीला आली. सरळ काकीच्या उखळापाशी येऊन उभी राहिली आणि तिने पदर पसरला.

“हौसे, कोंडा घाल.”

काकी तिच्याकडे बघत राहिली. “त्यो नाय माज्याकडं. तुला सांगितलं व्हतं ना.”

“कुटलाबी घाल.”

“खोटा?”

“कुटलाबी गो,” बाईजा म्हणाली. “आता त्याला कोन काय करनार हाय?”

उखळाशेजारी सुपात ताजा कोंडा होता. काकीने मुसळ भिंतीला टेकवून ठेवलं. खाली बसली. दोन्ही हातांची ओंजळ भरून कोंडा घेतला, उठली, आणि तो बाईजाच्या पदरात घातला. थोडा वाऱ्याने उडाला. बाईजाने पदराला गाठ मारली, ती ओढून घट्ट केली आणि कोंड्यावर दिलेलं मूल परत करताना बोलायचं असतं, ते बोलली.

“तुजा पोर तुला दिला.”

काकी क्षणभर तशीच उभी राहिली, हात पुढे, कुणी काही ठेवणार असल्यासारखी. मग तिने मातीत बसकण मारली आणि असा हंबरडा फोडला की परसातून काका पळत आले. “माज्या पोरा,” ती म्हणत होती, “माज्या कोंडू, माज्या पोरा.” बाईजा तिच्या शेजारी बसली आणि तिने तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी नऊ वर्षांची होते, आणि काकी त्याला माझा म्हणताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.